स्फटिकाचे सोवळे

मार्गशीर्ष अर्धा उलटला, की आमच्या सांगलीच्या घरातील बाटल्या आणि बरण्या आपापला स्वभाव प्रकट करू लागतात. खोबरेल तेल प्रथम काठाशी पांढरे होते आणि मग बुचापर्यंत थिजते. तुपात रवा धरतो. मध तळापासून दाणेदार होत वर येतो. आणि फडताळात मागे सरकवलेल्या काकवीच्या बाटलीत, कोणाचेही लक्ष नसताना, साखरेचे कंगोरेदार खडे बसतात. सूनबाई दर वर्षी ही बाटली धुवायला काढतात आणि मी दर वर्षी ती त्यांच्या हातून काढून घेतो.

"बाबा, खराब झालीय ती."

"खराब झालेली नाही. तळाशी ती शुद्ध होते आहे."

त्या आत जाऊन माझ्या चिरंजीवांना, मला ऐकू येईल अशा बेताने, सांगतात, "स्वस्थ बसून राहिलं की शुद्ध होता येतं म्हणे. बाबा थंडीत आंघोळ का टाळतात ते आज कळलं."

येथे विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. द्रवातून स्फटिक तयार होतो म्हणजे काय होते? प्रार्थनेची घंटा झाल्यावर मैदानभर विखुरलेली मुले जशी आपापल्या रांगेत येऊन उभी राहतात, तसे द्रव्याचे कण रांगेत उभे राहतात. घंटा सावकाश झाली, तर प्रत्येक मूल आपली जागा शोधते आणि चुकून शिरलेल्या परक्या मुलाला शेजारचा कोपराने बाहेर काढतो. घंटा घाईने झाली, तर जो जेथे असेल तेथे गोठतो आणि रांगेत धोब्याचे पोर, वाट चुकलेले करडू, काहीही सापडते. स्फटिकाची शुद्धता ही अशी सावकाशीची गोष्ट आहे. हे तत्त्व मी सदतीस वर्षे वर्गात शिकवले. परंतु मला ते शिकवले एका हिवाळ्याने, एका हवालदाराच्या लग्नाने आणि हेडमास्तरांच्या मातोश्रींनी.

लढाई संपून एक पावसाळा गेला होता. मी मूळचा वाईचा. पदवी घेऊन, कऱ्हाड आणि इस्लामपूर यांच्या मधल्या कृष्णाकाठच्या एका गावी, इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. त्या दिवसांत तेथे साखर कारखाना नव्हता, गुऱ्हाळे होती. पहाटे धुक्यात चरकाच्या तेल-इंजिनाची धडधड सुरू व्हायची, चिपाडाच्या धुराबरोबर उकळत्या रसाचा वास वर्गात यायचा आणि भूमितीच्या तासाला मुलांचे लक्ष त्रिकोणावरून उडून काहिलीकडे जायचे. फळ्यावर हात फिरवला तर खडूच्या पांढऱ्यात राखेचा काळा कण हमखास सापडे. पुढे ज्या कणांनी माझा जीव खाल्ला, त्यांची माझी पहिली ओळख ही अशी झाली.

दौलतराव हवालदार त्याच सुमारास पलटणीतून घरी आले. सहा फूट उंच, मिशा नीट कातरलेल्या, नखे इतकी स्वच्छ की गावातल्या शेतकऱ्यांत ती संशयास्पद वाटावीत. लढाईच्या काळात त्यांची नेमणूक बिनतारी यंत्रांच्या कार्यशाळेत होती. तेथे क्वार्ट्झ म्हणजे गारेच्या स्फटिकाच्या चकत्या कापून, घासून, ठरावीक जाडीच्या करण्याचे काम चाले. या कामाविषयी बाहेर अवाक्षर बोलण्याची बंदी होती. रजेवर आले असता पारावर कोणी विचारले, "काय काम करतूस रं पलटनीत?" तेव्हा शिस्तीत बसेल आणि खोटेही होणार नाही असे एकच उत्तर त्यांना सुचले.

"दगड घासतो."

पारावरच्यांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्या भागात एखादा 'खडी फोडायला गेला' म्हटले, की त्याचा अर्थ एकच होतो: सक्तमजुरी. लष्करात भरती झालेला माणूस दगडाशी झुंजतो आहे, पत्रात कामाचा उल्लेख करत नाही आणि विचारले की खाली बघतो. गावाने बेरीज केली. बेरीज शास्त्रशुद्ध होती. फक्त आकडे चुकीचे होते.

नोकरी संपताना मिळालेला दाखला त्यांनी पोस्टमास्तरांकडून सर्वांसमक्ष वाचून घेतला. त्यात लिहिले होते: काम, स्फटिक घासणे; वर्तणूक, उत्तम. त्यावर केरबा आबा म्हणाले, "म्हंजे दगड खरा निघाला. आन् वर्तनूक उत्तम असं तर तुरुंगातबी लिवून देत्यात. शिक्षा कमी करायला."

केरबा आबांचे हे मत महत्त्वाचे होते, कारण दौलतरावांना ज्या मुलीशी लग्न करायचे होते ती हौसा त्यांची कन्या. तिला दौलतरावांनी एकदाच, तिच्या मामाच्या मळ्यात, मोटेच्या बैलांना दरडावताना पाहिले होते. "काय सांगू गुरुजी," ते मला म्हणाले, "आवाज कसा, तर स्वच्छ. एक अक्षर गाळलं न्हाई. वायरलेसवर असला आवाज असता, तर लढाई वर्षभर आधी संपली असती."

आबांची पहिली भेट शाळेच्या ओसरीवर झाली. मुलगा तुरुंगात नव्हता हे समजावून सांगायला दौलतरावांनी मला मधे घातले होते. आबा फेटा सावरून बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. खोटं बोललासा तरी नीट बोलाल, म्हून तुमच्याकडं आलो."

दौलतरावांनी काडेपेटी उघडून कापसात ठेवलेली एक चकती काढली. नखाएवढी, काचेसारखी आरपार. कार्यशाळेत नापास झालेली म्हणून त्यांना ठेवू दिलेली. मी पद्धतशीरपणे सांगू लागलो, की ही गार आहे. मुले नदीकाठी ज्या गारगोट्या घासून अंधारात उजेड पाडतात, तिचीच अत्यंत शुद्ध बहीण. हिला दाबले की हिच्या दोन अंगांवर वीज उमटते. उलट हिला वीज दिली, तर ही ठरावीक वेगानेच थरथरते, आणि त्या थरथरण्याच्या आधाराने बिनतारी यंत्र आपली जागा सोडत नाही.

"दगडात इज हाय म्हनता?"

"आहे."

"आन् दाबला की भायेर येती?"

"येते."

आबांनी चकती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरली आणि आयुष्यभर कासरा ओढलेल्या हाताने दाबली. कट्.

आबांनी तळहातावरचे दोन तुकडे प्रथम मला, मग दौलतरावांना दाखवले. "फुटला की. ह्यो फोडायचाच दगड हुता, हवालदार. उगं घासतो म्हनायचं." मग उठता उठता त्यांनी निकाल दिला, "आता पौष लागतोय. पौषात आमी बोलनी करत न्हाई. माघ लागला की येतो. तवर तुमचा दगड बोलला तर बोलला. न्हाईतर वाळव्याकडलं एक स्थळ सांगून आलंय."

अशा रीतीने पंचांगाने आम्हाला एक महिना दिला.

दगड बोलता करण्याची युक्ती दौलतरावांना ठाऊक होती. शाळेच्या बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके होती. मोठा खडा घेऊन त्याच्या दोन अंगांना तारा लावल्या आणि त्या भोकांत खोचल्या, तर खड्यावर मारलेली टिचकी रेडिओतून ऐकू येईल. प्रश्न एवढाच, की मोठा खडा आणायचा कोठून? एका मासिकात मी वाचले होते, की परदेशांत कोणी कोणी गारेचा स्फटिक पोलादी नळीत वाढवण्याच्या खटपटीत आहेत. निसर्गाला ज्यासाठी युगे लागतात ते काही आठवड्यांत. तरुण शास्त्रशिक्षकाला एवढे वाक्य पुरेसे असते.

गार साध्या पाण्यात विरघळत नाही. सोड्याचे पाणी, प्रचंड उष्णता आणि त्याहून प्रचंड दाब मिळाला, तर ती नाइलाजाने विरघळते आणि पुन्हा एखाद्या तयार तुकड्यावर, म्हणजे 'बी'वर, बसते. इंजिनाच्या फिटरने आम्हाला जाड लोखंडी नळी कापून आटे पाडून दिली. आम्ही तीत नदीतल्या पांढऱ्या गारगोट्यांचा चुरा घातला, धुण्याचा सोडा घातला, पाणी घातले, आणि आबांनी केलेल्या दोन तुकड्यांपैकी मोठा तुकडा बी म्हणून तारेने टांगला. बूच शिशाची चकती घालून आवळले. दिवसरात्र पेटलेले असे गावात एकच ठिकाण होते. गुऱ्हाळाच्या चुलाणाच्या कोपऱ्यात, मातीच्या भिंतीआड, गुळव्याच्या परवानगीने आम्ही नळी पुरली. गुळवे अण्णा म्हणजे गुळाचा पाक केव्हा उतरवायचा हे ठरवणारे तेथले सर्वाधिकारी. त्यांनी नळी पाहून सल्ला दिला, "मळी काढायची असंल तर भेंडीचा रस घाला. आमी काहिलीत घालतो. समदी घान वर येती."

मी त्यांना गार आणि गूळ यांतील भेद समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि दौलतरावांना विचारले, "मास्तरांचं लगीन झालंय का?"

तिसऱ्या दिवशी काहिलीतला पाक ऐन रंगात आलेला असताना नळीने शिट्टी मारली. ती शिट्टी साधी नव्हती. चरकाचे बैल तेव्हा नव्हते म्हणून बरे. माणसे मात्र दाही दिशांना पांगली. अण्णा हातातल्या झाऱ्यासह थेट उसात शिरले. वाफेचा फवारा ओसरून सगळे परत येईपर्यंत पाक पुढे गेला होता आणि गुळाऐवजी, दाताला चिकटणारी, काळपट, अविस्मरणीय अशी चिक्की तयार झाली होती. ती आमच्या शाळेत पुढे फेब्रुवारीपर्यंत पुरली. नळी उघडली, तर गारगोट्या होत्या, तार होती, बी नव्हते. वाढायचे सोडून ते विरघळून गेले होते.

आमची चूक कोणती, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. ज्यांनी अखेर हे काम साधले, त्यांनी नळीचा तळ अधिक गरम आणि वरचा भाग किंचित थंड ठेवला. खालच्या उष्णतेत खाद्य विरघळते, वर येते आणि वरच्या गारव्यात बीवर बसते. आमच्या नळीत बी आणि खाद्य एकाच आचेत होरपळत होते. मग बी तरी का म्हणून वाढेल? आता तर असे स्फटिक कारखान्यात पिकतात म्हणे, आणि तेथे सगळे कसब वाढवण्यात नसून परक्याला आत न येऊ देण्यात असते. अॅल्युमिनियमचा, सोडियमचा नाममात्र अंश शिरला, तरी खड्याची चाल बिघडते. माझ्या नातवाच्या मनगटावर असली गार टिकटिक न करता चालते. "आजोबा, हे किल्लीशिवाय कसं चालतं?" असे त्याने विचारले, की मी खुर्चीत नीट सरकून बसतो, आणि तो नीट सरकून पळतो.

असो. गारेने आमचा हात सोडल्यावर मी तिची मऊ स्वभावाची एक नातलग निवडली. शाळेच्या प्रयोगशाळेत रोशेल मीठ नावाचा एक क्षार असतो. ते पाण्यात सहज विरघळते, त्याचे काचेसारखे सुरेख खडे होतात, आणि दाबले असता वीज देण्याच्या गुणात तर ते गारेलाही मागे टाकते. फक्त आमच्याकडे ते चिमूटभर होते. मी सांगलीला औषधांच्या दुकानात गेलो.

"दोन शेर?" दुकानदाराने चष्मा वर केला. "मास्तर, हे रेचक आहे. वसतिगृह चालवता का?"

"नाही. मला एकच खडा—"

"खडा झालाय होय!" ते सहानुभूतीने म्हणाले. "मग दोन शेर कशाला? चमचाभर कोमट पाण्यातून घ्या. सकाळी मोकळे व्हाल."

दोन शेर घेऊन मी निघालो, तेव्हा ते दुकानाच्या पायरीपर्यंत मला बघत राहिले.

कृती सोपी आहे आणि ज्यांना घरी करून पाहायची असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. गरम पाण्यात जेवढे मीठ विरघळेल तेवढे विरघळवावे, फडक्यातून गाळावे, थोडे बशीत ओतून त्यातून एक निर्दोष, तांदळाएवढा खडा निवडावा, तो रेशमाच्या धाग्याने उरलेल्या द्रावणात टांगावा आणि भांडे अत्यंत सावकाश निवू द्यावे. सोपी नाही ती शेवटची अट. पहिल्या खेपेला आम्ही हेडमास्तरांच्या घरची लोणच्याची बरणी वापरली. तीन वेळा राखेने घासूनही हिंगाचा वास असणारा, दुधट रंगाचा खडा तयार झाला. दुसऱ्या खेपेला काचेची नवी बरणी आणली, ती घोंगडीत गुंडाळून गव्हाच्या कोंड्याने भरलेल्या पेटीत ठेवली. ही व्यवस्था उत्तम होती. परंतु शाळेच्या टोकाच्या त्या अडगळीच्या खोलीत येऊन, झाकण उघडून, 'वाढला का?' हे पाहिल्यावाचून गावात कोणाला चैन पडेना. संस्कृतच्या शास्त्र्यांची तपकीर पडली. ड्रिल मास्तरांच्या तंबाखूचा चुरा पडला. गुळवे अण्णा मनाचा मोठेपणा दाखवून, मागचे सारे विसरून, खरोखरच भेंडीचा रस घेऊन आले आणि मी वर्गात असताना घालून गेले. तो खडा मी काढला तेव्हा तो हातातून माशासारखा निसटला.

मी दारावर पाटी लावली: 'प्रयोग चालू आहे. हात लावू नये.' तोवर ज्यांना हात लावण्यासारखे काही आत आहे हे माहीत नव्हते, त्यांनाही ते कळले.

दौलतराव दिवसेंदिवस खचत चालले. "आमच्याकडं वर्कशापात, गुरुजी, कोपरापर्यंत हात धुतल्याबिगर आत पाऊल न्हाई. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. अफसर आला तरी भायेर. इथं कसं जमायचं? पौष निम्मा गेला."

उपाय सापडला तो जेवणघराच्या उंबऱ्यावर. हेडमास्तरांच्या मातोश्री, ज्यांना सगळे थोरल्या काकू म्हणत, यांच्याकडे मी जेवायला असे. त्या दिवशी मी विचारात गढून आत पाऊल टाकले आणि चुलीकडून आवाज आला, "लांब! सोवळ्यात आहे मी!" मी, शास्त्राचा पदवीधर, टाचेवर उलटा उडी मारून अंगणात आलो. अंगणात उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आले, की अशुद्धीचे नियंत्रण करणारी इतकी परिणामकारक यंत्रणा हजारो वर्षे हाताशी असताना मी फळीवर खडूने विनंत्या लिहीत बसलो आहे.

पाटी बदलली. नवीन पाटीवर तीनच शब्द होते: 'आत सोवळे आहे.'

त्या क्षणापासून माशीही आत गेली नाही. शास्त्रीबोवा खिडकीकडे न बघता जाऊ लागले. अण्णा लांबून हात जोडत. फक्त काकूंनी एक शंका काढली: "मग तो पवारांचा हवालदार कसा आत जातो?"

"तो पलटणीतले सोवळे पाळतो."

काकू पाहायला आल्या. दौलतराव विहिरीवर हात धूत होते: साबण, ब्रश, नखांच्या कडा, मनगट, कोपर, पुन्हा साबण. काकू शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. "आमच्या भटजींना पाठवते याच्याकडे," एवढेच बोलून त्या परतल्या.

खडा वाढू लागला. दर सकाळी तो कालच्यापेक्षा थोडा मोठा असे. वाढणे डोळ्यांना दिसत नसे, वाढलेले दिसे. शिक्षकाला या प्रकाराची सवय असते. बोरापासून आवळ्यापर्यंत आला, तोही असा निर्मळ, की पलीकडे धरलेले वर्तमानपत्र वाचता यावे. दौलतराव त्याला 'पास' म्हणाले. मी निश्चिंत होऊन परीक्षेच्या कामासाठी चार दिवस साताऱ्याला गेलो. दौलतरावांच्या घरचा ऊस गुऱ्हाळावर लागला होता, ते रात्रंदिवस तिकडे. जाताना काकूंनी विचारले होते, "आत सोवळ्यात आहे तरी कोण?" आणि मोटार सुटण्याच्या घाईत मी अत्यंत खरे उत्तर दिले होते: "स्फटिक."

परत आलो तो बरणीच्या गळ्यात शेवंतीची माळ होती. खड्यावर हळदकुंकू होते. द्रावणावर बेलाचे पान तरंगत होते. शेजारी तांब्या-पळी.

"स्फटिकाचा महादेव घोंगडीत गुंडाळून ठेवतात का रे?" काकू म्हणाल्या. "चार दिवस पूजा केली मी. सोवळ्यानेच हो. आणि सांगते ते खोटं वाटेल, पण देव जागृत आहे. रोज पळीभर तीर्थ घेतलं. इतक्या वर्षांची माझी पोटाची तक्रार, काशीच्या वैद्यालाही जी हटली नाही, ती दुसऱ्या दिवशी गेली! मग शेजारी चार घरी दिलं. सगळ्यांना गुण आला. आमच्या भाऊला तर इतका आला, की त्याला दोन दिवस शाळेत जाता आलं नाही."

भाऊ म्हणजे आमचे हेडमास्तर.

"आणि काकू, तीर्थ कमी झालं असेल ना?" मी भीत भीत विचारले.

"होईल कसं? कृष्णेचं पाणी घालत होते ना मी रोज वर."

रसायनाच्या भाषेत सांगायचे, तर द्रावण फिके झाले होते, आणि फिके द्रावण आपली भूक भागवायला समोरचा खडाच खाते. आवळ्याचे पुन्हा बोर होत आले होते. कंगोरे चोखलेल्या खडीसाखरेसारखे गोल झाले होते आणि वरच्या अंगावर कुंकवाचा थर घट्ट बसला होता. मी काकूंना सगळे खरे सांगितले. हे मीठ आहे, हे रेचक आहे, आणि यावर दौलतरावांचे लग्न टांगले आहे. काकू खाली बसल्या. मग म्हणाल्या, "त्या पोराचं लग्न मोडायचं पाप नको हो माझ्या माथी." आणि थोड्या वेळाने, हळूच, "उरलंय का रे त्यातलं थोडं? औषध म्हणून."

त्या हिवाळ्यापासून मी एक मत बाळगून आहे. द्रावणात शत्रूने विष घातल्याचे माझ्या अनुभवात एकही उदाहरण नाही. जे जे पडले ते सगळे प्रेमाने पडले: भेंडी प्रेमाने, तीर्थ प्रेमाने, कुंकू तर भक्तीने. शुद्धता राखणाऱ्याला आपल्या माणसांपासून जितके सावध राहावे लागते, तितके धुळीपासून लागत नाही.

दौलतराव म्हणाले, "ह्यो खडा टाका, गुरुजी. दुसरा लावा. आत डाग घेऊन वाढलेला खडा म्हंजे रिजेक." त्यांचे म्हणणे बरोबर होते; परंतु नवा लावायला पौष शिल्लक नव्हता. उरलेले मीठ विरघळवून, बरणीच्या उबेइतके निववून, मी ते धारेने सोडले आणि झाकण लावले. दाराशी आता काकू स्वतः जपमाळ घेऊन बसल्या. हेडमास्तरांनाही त्यांनी आत सोडले नाही. त्यांना तशी इच्छाही उरली नव्हती. खडा पुन्हा वाढला, कंगोरे परत आले, तो चांगला लिंबाएवढा झाला. बाहेरचा भाग काचेसारखा स्वच्छ होता. पण मधोमध, पोटात, कुंकवाचा एक पातळ तांबडा पापुद्रा कायमचा अडकून राहिला होता.

माघाच्या पहिल्याच आठवड्यात केरबा आबा आले. आम्ही खड्याच्या दोन अंगांना सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली, तारा लावल्या, रेडिओ सुरू केला. दौलतरावांनी पेन्सिलीने खड्यावर टिचकी मारली.

"टक्," रेडिओ म्हणाला.

आबांनी रेडिओच्या मागे वाकून पाहिले. मग दौलतरावांना अंगणात उभे केले, मला भिंतीशी, आणि स्वतः नखाने टिचकी मारली. "टक्." आबांनी खड्याला तोंड लावून दरडावले, "कोन हाय रं?" आणि पेटीतून, घोगऱ्या, लांबच्या आवाजात आले, "...हाय रं?"

आबा दोन पावले मागे सरले. "आत मानूस बसिवलाय!"

"आबा, एवढ्याशा पेटीत माणूस कसा मावेल?"

"मावंल. उपाशी ठेवला तर मावंल." त्यांनी दौलतरावांकडे रोखून पाहिले. "तुरुंगातला सोबती हाय का तुमचा?"

दौलतरावांचा चेहरा पडला. आबांनी तारा उपसल्या, खडा हातात घेतला आणि म्हणाले, "ह्यो तर काचंचा गोळा. मिरजंच्या बाजारात पैशाला पासरी मिळतोय. मास्तर, मला वाटलं हुतं तुमी तरी..." आणि ते थांबले. त्यांनी खडा उजेडाकडे धरला. अंगठ्याने घासला. उलटा करून दुसऱ्या बाजूने घासला.

"हे तांबडं काय हाय?"

"कुंकू."

"निघंना की."

"ते आत आहे, आबा."

आबांनी खडा चारी बाजूंनी फिरवून सांधा शोधला. सांधा नव्हता. "आत कसं गेलं?"

दारातून काकू खाली मान घालून म्हणाल्या, "मी वाहिलंय ते. देव समजून."

"वरनं वाह्यलं आन् आत गेलं?"

"खडा तेव्हा लहान होता," मी म्हणालो. "कुंकू वाहिल्यावर तो त्याच्यावरून पुढे वाढला."

आबा ओसरीवर बसले. खडा मांडीवर ठेवला. चरकाची धडधड ऐकू येत होती. "काचवाला आत कुंकू कशापायी घालंल?" ते स्वतःशीच म्हणाले. "न्हाईच घालनार. म्हंजे ह्यो हितंच वाढला. आमच्याच मानसांत." मग दौलतरावांकडे वळून, "समदा पौष ह्येच करत हुतासा?"

"व्हय."

"नुसतं बघत? न हालवता?"

"व्हय, आबा."

"मग तुमी खडी फोडली असंल, हे काय मला पटत न्हाई," आबा म्हणाले. "फोडनाऱ्याचा हात येगळा असतो, त्याला इतका दम धरवत न्हाई. माझाच हात बगा की." त्यांनी फेटा काढून पुन्हा नीट बांधला. "हौसा तर कवाच म्हनत हुती, फोडली असली तर फोडली, मानसाच्या हाताला यश दिसतंय. वाळव्याला नको म्हून सांगावा धाडतो."

काकूंनी आतून गुळाची वाटी आणली. सगळ्यांच्या हातावर गूळ पडला. आबा उसाच्या फडातून दिसेनासे होईपर्यंत दौलतराव ताठ उभे होते. मग ते ओसरीवर आले, खडा उचलला, उजेडाकडे धरला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"एक सांगू, गुरुजी? मनाला लागतंय. आमच्या वर्कशापात ह्यो खडा नापास झाला असता."

"झाला असता," मी म्हणालो. "पण हवालदार, तुमच्या वर्कशापाला मुलगी द्यायची नव्हती."